पिवळा रंग, हरताळ आणि शेतकरी

जुन्या हस्तलिखितांशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे, त्यांना पोथीच्या पानांवरचे पिवळे ठिपके आणि पट्टे ओळखीचे असतात. लेखनिकाचे अक्षर चुकले, शब्द दोनदा पडला, की त्यावर हरताळाचा लेप दिला जाई. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळेजर्द खनिज. ते खलून, डिंकात कालवून चुकलेल्या अक्षरावर फासले की खालची शाई झाकली जाई आणि वर पुन्हा लिहिता येई. एखाद्या गोष्टीला 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आला तो या पोथ्यांमधून; दुकाने बंद ठेवण्याच्या हरताळाशी त्याचा संबंध नाही. ज्याकडे लक्ष वेधायचे, म्हणजे ओवीचा क्रमांक, 'उवाच', अध्यायाची समाप्ती, ते बहुधा गेरूने लाल केले जाई. आणि जे वाचकाने वाचू नये ते पिवळ्याखाली जाई.

संगणकाच्या पडद्यावर पिवळ्याचा हा अर्थ नेमका उलटा झाला आहे. आपण एखादा शब्द शोधतो आणि तो शब्द पानभर जिथे जिथे असेल तिथे तिथे पिवळा होतो. पिवळे म्हणजे 'इथे पाहा'. संकेतस्थळाच्या पानांची जी खूणभाषा आहे, तिच्या २०१४ साली प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीत याच कामासाठी 'मार्क' नावाची स्वतंत्र खूण आली आणि कोणताही रंग न सांगितल्यास ब्राउझर तिला पिवळी पार्श्वभूमी देतात. हा योगायोग आहे हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही गेली काही वर्षे या पिवळ्या शब्दांशी आमचा जो संबंध आला, त्यातून हा योगायोग आम्हाला अधिकाधिक अर्थपूर्ण वाटू लागला आहे.

संबंध आला तो असा. आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एक मध्ययुगीन वाङ्मय, दुसरी आधुनिक. स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या काही मराठी ग्रंथांच्या संहिता आम्ही विद्यार्थ्यांच्या मदतीने टंकलिखित करून विभागाच्या संगणकावर ठेवल्या. नुसत्या संहिता ठेवून भागणार नव्हते. विद्यार्थ्याला एखादा शब्द शोधता यावा, तो पानावर रंगवून दिसावा, अशी सोय हवी होती. संगणकशास्त्र विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने जावास्क्रिप्टच्या चाळीसएक ओळी लिहून दिल्या आणि त्या काय करतात हे आम्हाला बसवून समजावलेही. या चाळीस ओळींनी मराठी शब्द म्हणजे काय, हा प्रश्न आमच्यापुढे ज्या रोखठोकपणे ठेवला, तसा तो एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या पेपरातही कोणी ठेवला नव्हता.

आणि एक निबंध. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने जोतीराव फुल्यांच्या १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथावर लिहिताना एक विधान केले होते: ग्रंथाच्या नावात शेतकरी असला, तरी प्रत्यक्ष ग्रंथात तो तुरळक ठिकाणीच दिसतो. ज्याने हे पुस्तक एकदा जरी वाचले आहे, त्याला हे वाक्य वाचून काय वाटेल ते सांगायला नको. पण विद्यार्थी खोटे बोलत नव्हता. त्याने शोधपेटीत 'शेतकरी' हा शब्द टाकला होता, पिवळ्या खुणा मोजल्या होत्या आणि जे दिसले ते लिहिले होते. यंत्रही खोटे बोलत नव्हते. मग शेतकरी गेला कुठे?

*

शब्द रंगवण्याचे काम वरवर फार सोपे आहे. पानाचा मजकूर घ्यायचा, हवा तो शब्द शोधायचा आणि त्याच्या अलीकडे एक व पलीकडे एक खूण घालून मजकूर परत ठेवायचा. सुचणारा पहिला मार्ग म्हणजे पानाची सगळी खूणभाषा एक लांबलचक अक्षरमाळ मानून तिच्यात सरसकट बदल करणे. इंग्रजी पानांवर हा मार्ग लवकरच दगा देतो, कारण शोधलेला शब्द आणि पान बांधणाऱ्या खुणांची नावे एकाच लिपीत असतात. वाचकाने 'टेबल' शोधले की पानातले खरेखुरे तक्तेच मोडून पडण्याची शक्यता. मराठी मजकुराला इथे एक अनपेक्षित संरक्षण मिळते. खुणा रोमन लिपीत आणि मजकूर देवनागरीत, त्यामुळे दोहोंची गल्लत सहसा होत नाही. चित्राला दिलेली पर्यायी ओळ देवनागरीत असेल, तर मात्र तिच्या पोटात खूण घुसते आणि पान बिघडते.

म्हणून जाणकार दुसरा मार्ग घेतात. पान म्हणजे एक झाड मानायचे. परिच्छेद, मथळा, ठळक अक्षरे या त्याच्या फांद्या. आणि फांदीच्या टोकाला निव्वळ मजकुराची पाने. जावास्क्रिप्टने फांदीफांदीवरून फिरत फक्त या मजकुराच्या पानांना हात लावायचा, शब्द सापडला की पान तिथे दुभंगायचे आणि मध्ये रंगीत तुकडा बसवायचा. यातही एक अडचण राहतेच. शब्दाचा अर्धा भाग ठळक केलेला असेल, तर तो दोन पानांत विभागलेला असतो आणि शोधणाऱ्याला दिसत नाही. अलीकडे, २०२२ पासून एकेका ब्राउझरमध्ये, तिसरीही सोय आली आहे. त्यात मजकूर मुळीच दुभंगत नाहीत; अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंत रंग दे, एवढेच सांगतात. पोथीला हात न लावता वर पारदर्शक कागद ठेवून खूण करावी तसे हे आहे. ग्रंथालयातल्या पुस्तकांवर पेन्सिलीच्या रेघा ओढणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथपालांची बोलणी खाल्ली; त्यांना ही सोय पाहून हेवा वाटेल.

इथवर सगळे तंत्राचे प्रश्न आहेत आणि त्यांना तंत्राची उत्तरे आहेत. भाषेचा प्रश्न पुढे सुरू होतो.

शोधताना आपल्याला नुसती अक्षरे नव्हे, पूर्ण शब्द हवा असतो. 'कर' शोधला तर 'शंकर' आणि 'करून' रंगू नयेत. यासाठी जावास्क्रिप्टच्या शोधसूत्रांत 'शब्दाची हद्द' दाखवणारे एक चिन्ह आहे. पण १९९५ साली जन्मलेल्या या भाषेला शब्दाचे अक्षर म्हणून फक्त रोमन वर्ण, आकडे आणि एक अधोरेषा एवढेच ठाऊक. देवनागरीतला कोणताही वर्ण तिच्या लेखी शब्दाचा भागच नाही. विरामचिन्हांच्या आणि मोकळ्या जागेच्या रांगेत तो बसतो. म्हणजे संपूर्ण मराठी वाक्य हे तिच्या दृष्टीने शब्दांमधले रिकामे अंतर! २०१८ साली या सूत्रांत 'कोणत्याही लिपीतले अक्षर' असे म्हणण्याची सोय आली. तिथेही एक पेच आहे. काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरे नाहीत, 'चिन्हे' आहेत. सूत्रात केवळ अक्षर म्हटले तर 'पाणी'तला 'प' संपला की काना येतो आणि तिथेच शब्दाची हद्द पडते. अक्षर आणि चिन्ह दोन्ही म्हणावे लागते. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द आपण चार अक्षरांचा मानतो. यंत्र त्यात अकरा वस्तू मोजते, कारण प्रत्येक हलन्त, प्रत्येक काना-मात्रा त्याच्या लेखी वेगळा नग आहे. आपल्या परंपरेतला वर्ण आणि अक्षर हा भेद इतक्या प्रत्यक्ष स्वरूपात आम्ही आधी पाहिला नव्हता.

याहून गमतीची गोष्ट डोळ्यांना एकच दिसणाऱ्या पण यंत्राला भिन्न असणाऱ्या अक्षरांची. 'शेतकऱ्याचा' या शब्दातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात त्यासाठी असलेला खास नुक्त्याचा र आणि हलन्त वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधपेटीत एक प्रकार आणि संहितेत दुसरा असला, की यंत्र शांतपणे सांगते, असा शब्द नाही. तीच गत 'ॲ'ची. या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले २००८ साली. त्यापूर्वी टंकलेल्या मजकुरात तो 'अ'वर अर्धचंद्र चढवून केलेला असतो. याउलट 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे कोणती, यावर २००९ साली महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. पण मराठी वळणाचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'ल' हे यंत्राच्या लेखी एकच. आपण ज्या भेदासाठी भांडतो तो त्याला दिसत नाही, आणि आपल्याला जो भेद दिसत नाही तिथे ते अडून बसते.

आमच्या एम.ए.च्या काळात, म्हणजे या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत, मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःचे खास फाँट वापरीत. डोळ्यांना मराठी दिसणारा तो मजकूर आतून रोमन चिन्हांची खिचडी असे आणि त्यात शोधायचे म्हटले तर काहीच हाती लागत नसे. त्या मानाने आजची स्थिती स्वर्गासारखी आहे, हे मान्य करायलाच हवे.

*

पण समजा हे सगळे नीट झाले. दोन्ही अर्धे र एक मानले, हद्दी बिनचूक आखल्या. तरीही 'शेतकरी' शोधणाऱ्याला 'शेतकऱ्याचा' सापडत नाही. म्हणजे 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाचे शीर्षकसुद्धा पिवळे होत नाही. कारण आपल्या भाषेचा स्वभाव. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी मराठी नाम आपले रूप बदलते. शाळेत आपण त्याला सामान्यरूप म्हणतो. पाऊस 'पावसात' होतो, देऊळ 'देवळात', माणूस 'माणसाला', मूल 'मुलांना'. वाक्यात काही करायचे, कोणाशी नाते जोडायचे, कोणाकडून काही सोसायचे, की मराठी नाम मूळ रूपात क्वचितच राहते. यंत्राला सापडतो तो शब्दकोशातला शेतकरी. ज्याला कोणी लुबाडले, ज्याच्याकडून सारा घेतला, ज्याच्यावर कर्ज चढले, तो 'शेतकऱ्यास', 'शेतकऱ्यांकडून', 'शेतकऱ्यांवर' असतो. आमच्या विद्यार्थ्याच्या निबंधातून नाहीसा झालेला शेतकरी तो हा.

यावर उपाय म्हणून शब्द तोडून शोधावा, तर 'शेतक' एवढ्याने शेतकरीही सापडतो, शेतकऱ्याही, पण 'शेतकी'ही. 'पाण'ने पाणी आणि पाण्यात मिळते, सोबत पाणउतारा. शिवाय मध्येच तोडलेल्या शब्दावर रंग चढवला तर शेवटची वेलांटी रंगाबाहेर लोंबते आणि काही वेळा जोडाक्षर फुटते. एकदा सहज म्हणून आम्ही 'असूडा'च्या संहितेत 'कर' शोधून पाहिला. फुल्यांनी सरकारी करांवर आणि पट्ट्यांवर जे लिहिले आहे ते एकत्र पाहायचे होते. हद्दीची अट न घालता शोध घेतला, तेव्हा 'करणे'ची बरीच रूपे तर रंगलीच. पण प्रत्येक 'शेतकरी' या शब्दाच्या पोटातला 'कर'ही पिवळा झाला. योगायोगच, व्युत्पत्तीशी त्याचा संबंध नाही. फुले हयात असते तर या योगायोगावर त्यांनी एखादे जळजळीत वाक्य खात्रीने लिहिले असते.

जुन्या लेखनपद्धतीने आणखी एक पदर जोडला आहे. १९६२ साली शुद्धलेखनाचे जे नवे नियम आले, त्यांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या ग्रंथांत 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी. आजचा विद्यार्थी 'नाव' शोधतो तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकात त्याला फक्त होड्या सापडतात, माणसांची नावे नाहीत. आणि शब्दांच्या मधली मोकळी जागा, जिच्यावर हा सारा खेळ चालतो, तीही फार जुनी नाही. मोडी लिपीत आधी पानभर शिरोरेघ ओढत आणि तिच्याखाली सलग लिहीत जात. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे. शब्द ओळखायला अर्थ कळावा लागे. आता अर्थ कळायच्या आत शब्द ओळखता येतो, हीच या सोयीची ताकद आहे आणि मर्यादाही.

*

शब्द शोधण्याच्या यंत्रांच्या इतिहासात एक प्रसंग आहे आणि तो आम्हाला वारंवार आठवतो. रोबेर्तो बुसा हे इटलीतले एक जेझुइट धर्मगुरू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते संत थॉमस अक्विनस यांच्या लेखनातल्या 'उपस्थिती' या संकल्पनेवर प्रबंध लिहीत होते. त्यांनी प्रथम जे कोणीही करील तेच केले: 'उपस्थित' आणि 'उपस्थिती' या अर्थाचे लॅटिन शब्द सूच्यांमधून शोधले. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की थॉमसच्या लेखनात ते शब्द कडेकडेचे आहेत. उपस्थितीचा खरा विचार दडला आहे तो 'इन' या इवल्याशा शब्दयोगी अव्ययात. एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या 'आत' असणे म्हणजे काय, यात. कोणत्याही सूचीकाराने 'इन'ची नोंद घेतलेली नव्हती. बुसांनी स्वतःच्या हाताने दहा हजार चिठ्ठ्या लिहिल्या. पुढे १९४९ मध्ये ते अमेरिकेत जाऊन आयबीएमच्या टॉमस वॉटसन यांना भेटले आणि पंचकार्डांच्या यंत्रांवर थॉमसच्या समग्र लेखनाची शब्दसूची करण्याचे काम सुरू झाले. छापील सूचीचे छप्पन्न खंड पूर्ण व्हायला १९८० साल उजाडले. ती लक्षावधी कार्डे भोके पाडून तयार केली ती प्रामुख्याने तरुण मुलींनी. त्यांच्या कामाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते अगदी अलीकडे.

आमच्या दृष्टीने या कथेतली महत्त्वाची गोष्ट यंत्राच्या आधी घडली आहे. बुसांना यंत्राची गरज भासली, कारण त्यांनी ग्रंथ वाचून हे ओळखले होते की संकल्पना तिच्या नावाच्या घरी राहत नाही. ज्याने नुसते नाव शोधले असते, त्याला थोड्याशा नोंदी मिळाल्या असत्या आणि त्याने लिहिले असते, थॉमसच्या लेखनात उपस्थितीचा विचार तुरळक ठिकाणीच दिसतो.

मराठीत हे आणखी अवघड आहे. लॅटिनचा 'इन' निदान सुटा शब्द आहे. आपल्याकडे 'आत' असणे हे 'घरात', 'मनात' अशा रूपांत नामाला चिकटलेल्या एका 'त'वर चालते. तो शोधू गेले तर सगळे पान पिवळे होईल. ज्ञानेश्वरकालीन मराठीत तर तेवढेही नाही. 'मनीं', 'जनीं', 'वनीं' यांतले आत असणे म्हणजे एक दीर्घ वेलांटी आणि एक टिंब. बुसांच्या दहा हजार चिठ्ठ्या आपल्याकडे त्या टिंबावर लिहाव्या लागल्या असत्या.

*

आता 'असूडा'कडे परत येऊ. रूपांची सगळी यादी यंत्राला दिली, शेतकरी, शेतकऱ्या, शेतकऱ्यां, तरी फुल्यांचा शेतकरी पुरता सापडत नाही. तो कुठे 'कुणबी' आहे, कुठे 'माळी', कुठे 'धनगर'. फुल्यांच्या मते हे तिन्ही मुळात शेतकरीच. कुठे तो 'शूद्र' आहे. ही नावे एकमेकांच्या जागी येतात, यातच त्या ग्रंथाचा युक्तिवाद आहे. एकाच नावाखाली सगळे आणता आले असते तर तो युक्तिवाद करावाच लागला नसता. ही यादी यंत्राला द्यायची, तर ती आधी कोणीतरी करावी लागते. आणि ती करायची तर पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे लागते. वाचन वाचवण्यासाठी जे साधन हाती घेतले, ते नीट वापरायचे तर वाचनाखेरीज गत्यंतर नाही, असा हा पेच आहे.

पण सर्वांत मोठी फट याही पलीकडची आहे. चौथ्या प्रकरणात फुले एका गांजलेल्या शेतकऱ्याला आपल्यासमोर आणतात आणि तो स्वतःशीच बोलू लागतो. माणूस स्वतःविषयी बोलताना स्वतःला 'शेतकरी' म्हणत नाही. तो 'मी' म्हणतो, 'आपण' म्हणतो, 'आम्ही' म्हणतो. म्हणजे जोवर दुसरा कोणी शेतकऱ्याविषयी बोलत असतो तोवर यंत्राला तो दिसतो. आणि ज्या क्षणी शेतकरी स्वतः तोंड उघडतो, त्या क्षणी पिवळा रंग मालवतो. हे आमच्या ध्यानात आले तेव्हा विद्यार्थ्याच्या त्या वाक्याकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहू लागलो. प्रश्न एका निबंधाच्या गुणांचा नव्हता. ज्यांच्याविषयी सतत बोलले गेले पण ज्यांना बोलू दिले गेले नाही, त्यांच्या वाङ्मयाचा अभ्यास आपण या साधनाने करू लागलो, तर त्यांचे स्वतःचे बोलणे तेवढे नेमके निसटेल, हा खरा प्रश्न होता.

आणि इथे हरताळाची आठवण होते. पिवळा रंग न लागलेला मजकूर पुसला जात नाही, तो तिथेच असतो. पण डोळा एका पिवळ्यावरून दुसऱ्या पिवळ्यावर उडी मारू लागला, की मधला मजकूर झाकल्यासारखाच होतो. या शतकाच्या आरंभी वाचक ज्या शब्दांनी शोध घेत पानावर येई, ते शब्द त्याच्या मागच्या पत्त्यावरून ओळखून पानच आपणहून रंगवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या तुकड्यांची मोठी चलती होती. पुढे गूगलने २०११ ते २०१३ या काळात शोध सांकेतिक स्वरूपात पाठवायला सुरुवात केल्यावर ते तुकडे निरुपयोगी झाले. पण २०२० पासून क्रोमसारखे ब्राउझर दुव्यातूनच वाचकाला थेट एखाद्या वाक्यापाशी आणून सोडतात आणि ते वाक्य रंगवून दाखवतात. वाचक ग्रंथाच्या मधोमध उतरतो. आधीच्या पानांत लेखक त्या वाक्यापर्यंत कसा पोहोचला, हे पाहायची त्याला गरज वाटत नाही, कारण वाक्य तर मिळाले.

आम्ही या साधनाच्या विरोधात नाही. एम.ए.च्या वेळी आमच्यापैकी एकीने एका संतकवीच्या गाथेतली प्रतीके शोधण्यासाठी सहा महिने चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. ते काम आज एका दुपारचे आहे आणि उरलेला वेळ विचाराला मिळतो. शब्दसूच्यांची परंपरा आपल्याकडेही मोठी आहे. ऋग्वेदाचा पदपाठ हा संहितेतले शब्द सुटे करून दाखवण्याचाच उद्योग होता. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला प्रतीकसूचीची जोड दिली, ती सोय म्हणून नव्हे, अभ्यासाचे अंग म्हणून. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दांची रूपे आणि त्यांचे परस्परसंबंध यंत्राला कळावेत म्हणून काम झाले आहे. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे: आधी कोणीतरी सबंध संहिता वाचलेली आहे, किंवा भाषेचा सबंध विचार केलेला आहे.

म्हणून आम्ही आमच्या विभागात दोन गोष्टी केल्या. पहिली, शोधपेटीच्या आधी कागद. ज्या शब्दाचा शोध घ्यायचा त्याची सामान्यरूपे, जुनी लेखनरूपे आणि त्याच अर्थाने ग्रंथात येणारी इतर नावे विद्यार्थ्याने हाताने लिहून काढायची. ग्रंथाची निदान दोन प्रकरणे वाचल्याखेरीज ही यादी स्वीकारली जात नाही. प्रत्येक नावाला वेगळा रंग मिळतो. 'असूडा'ची काही पाने अशी रंगवली तेव्हा कुणबी, माळी, धनगर, शूद्र आणि शेतकरी हे पाच रंग एकमेकांत कसे मिसळतात, ते वर्गाला व्याख्यानाशिवाय दिसले.

दुसरी गोष्ट सहकाऱ्याकडून मुद्दाम करून घेतली. शोधपेटीशेजारी 'उलट' नावाचे एक बटण आहे. ते दाबले की ज्या परिच्छेदांत शोधलेल्यापैकी एकही शब्द नाही, तेवढेच परिच्छेद रंगतात. जावास्क्रिप्टच्या चारपाच ओळींचे काम. 'शेतकरी'ची सारी रूपे देऊन हे बटण दाबले आणि जे परिच्छेद पुढे आले, ते वर्गात मोठ्याने वाचायला सांगितले. काही ठिकाणी इतिहासाची चर्चा निघाली, काही ठिकाणी सरकारी खात्यांची. आणि काही ठिकाणी तो निघाला, स्वतःशी बोलणारा. ज्याने तुरळक म्हटले होते तोच विद्यार्थी वाचत होता. मध्येच थांबून त्याने विचारले, "मॅडम, हा 'मी' कोण?" आम्ही उत्तर दिले नाही, मागची दोन पाने वाच, म्हटले.

पुढच्या सत्रात 'लीळाचरित्रा'ची संहिता घ्यायची आहे. तिथे 'सर्वज्ञें' शोधले तर पानेच्या पाने पिवळी होतील, हे न शोधताही ठाऊक आहे. प्रश्न विचारायला येणाऱ्या, एखाद्या लीळेपुरत्या दिसून पुन्हा न दिसणाऱ्या माणसांसाठी कोणती यादी करावी लागेल, याचा विचार सध्या चालू आहे. कागदावर आतापर्यंत सव्वा पान भरले आहे.